कोल्हापूर ते पुणे मोटारीने: प्रवासाची आखणी कशी करावी

कोल्हापूरहून पुण्याला मोटारीने जायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'किती तास लागतील?' हा. अंतर सुमारे २३० किलोमीटर, रस्ता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग, तेव्हा 'साडेतीन-चार तास' असे उत्तर कोणीतरी लगेच देतो आणि आखणी तिथेच संपते. गेली अनेक वर्षे महिन्यातून एकदा तरी मी या रस्त्याने जातो-येतो, आणि माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे: रस्त्याचा कोणता टप्पा आपल्याला कोणत्या वेळी लागणार आहे आणि त्या वेळी चालवणारा माणूस किती ताजातवाना असणार आहे? या महामार्गावरची अवघड ठिकाणे सगळीकडे सारखी विखुरलेली नाहीत. पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा, त्यापुढची वळणे, खेड-शिवापूरची गर्दी आणि कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा उतार हे सारे शेवटच्या सत्तर-एक किलोमीटरमध्ये, म्हणजे पाय आणि डोळे थकू लागल्यावर येते. परतताना हा क्रम उलटतो आणि वेगळाच धोका शेवटी येऊन उभा राहतो. म्हणून जाण्याची आणि येण्याची आखणी एकच असू शकत नाही.

वेळेचा हिशेब

रस्त्याचे ढोबळ तीन भाग करावेत. कोल्हापूर ते कऱ्हाड सुमारे ७५ किलोमीटर, कऱ्हाड ते सातारा सुमारे ५० आणि सातारा ते पुणे सुमारे ११०. कागल ते साताऱ्याजवळील शेंद्रे या पट्ट्यात सहापदरीकरणाचे काम काढल्यापासून पहिल्या दोन भागांत जागोजागी वाहतूक सेवा रस्त्यावर वळवली जात आली आहे, आणि कऱ्हाडला मलकापूरजवळ उड्डाणपुलाच्या कामाने तर वाहनचालकांच्या संयमाची चांगलीच परीक्षा पाहिली. त्यामुळे ताशी ६० किलोमीटरपेक्षा अधिक सरासरी गृहीत धरू नये. चालवण्याचे चार तास, थांबण्याचा पाऊण तास आणि अडथळ्यांसाठी थोडी सवड मिळून घरातून निघाल्यापासून पाच तास धरावेत. लवकर पोहोचलो तर कोणाची तक्रार नसते.

वेग वाढवून वेळ वाचतो ही समजूत कागदावर तपासून पाहण्यासारखी आहे. शंभर किलोमीटर रस्ता पूर्ण मोकळा मिळाला आणि ८० ऐवजी १०० च्या वेगाने गाडी चालवली, तर वाचतात ती फक्त पंधरा मिनिटे. या महामार्गावर सलग शंभर किलोमीटर मोकळे कधीच मिळत नाहीत, म्हणजे प्रत्यक्षात पाच-सात मिनिटे हाती लागतात आणि तीही पुढच्या टोलनाक्यावर रांगेत जातात. उलट ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोरच्या वाहनापासून तीन सेकंदांचे अंतर ठेवायचे म्हणजे साधारण ६५ मीटर अंतर ठेवायचे. समोरचा ट्रक एखाद्या खांबाजवळून गेला की मनात तीन आकडे मोजावेत. आकडे पूर्ण होण्याआधी आपण त्या खांबाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत.

निघण्याची वेळ ठरवताना सूर्योदयापेक्षा पुण्यातली कार्यालयांची वेळ पाहावी. पहाटे साडेपाच-सहाला निघालेला माणूस दहाच्या आसपास नवले पुलावर येतो आणि बाह्यवळण मार्गावरच्या ऐन गर्दीत सापडतो. त्यापेक्षा घरी पोटभर नाश्ता करून साडेसातला निघावे आणि दुपारी साडेबाराला पोहोचावे, हे मला जास्त शहाणपणाचे वाटते. सकाळी दहाला पुण्यात काम असेल तर पावणेपाचला निघण्यावाचून गत्यंतर नसते. पण नोव्हेंबर ते मार्च या काळात मी तसे करत नाही, आदल्या दिवशी दुपारीच निघून मुक्कामाला जातो. जानेवारीत कोल्हापुरात सूर्यच सातच्या सुमारास उगवतो, वारणा आणि कृष्णेच्या काठावर धुके असते आणि उसाची वाहने रात्रभर रस्त्यावर असतात. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कितीही चांगला चालक आंधळाच असतो.

वारही पाहावा. शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून साताऱ्याकडे आणि रविवारी संध्याकाळी पुण्याकडे जाणारी वाहतूक इतकी वाढते की खेड-शिवापूरच्या नाक्याजवळ तासाचा हिशेब चुकतो. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस, दिवाळी आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार यांचेही तसेच. आपल्या भागातल्या यात्रा मात्र नकाशाच्या ॲपला आधी कळत नाहीत: चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, पौषात पालच्या खंडोबाची यात्रा, आणि पौष पौर्णिमेला मांढरदेवीच्या काळूबाईची. पालच्या यात्रेला उंब्रज-काशीळ परिसरात आणि मांढरदेवीच्या यात्रेला सुरूर फाट्याच्या आसपास वाहने आणि माणसे वाढतात. दिनदर्शिका उघडून एवढे पाहून घ्यायला मिनिट लागते.

गाडीची तयारी आदल्या संध्याकाळी

सकाळी निघताना तपासणी करणे म्हणजे न करणेच, कारण काही निघाले तर दुरुस्त करणारा त्या वेळी झोपलेला असतो. आदल्या दिवशी संध्याकाळी टायर थंड असताना हवा तपासावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत कंपनीने लावलेल्या पट्टीवर हवेचा दाब छापलेला असतो. माणसे आणि सामान भरून जायचे असेल तर पट्टीवरचा त्यासाठीचा वेगळा आकडा धरावा. उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, त्याच्या बाजू सतत वाकतात आणि त्यामुळेच तो अधिक तापतो. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी चांगली दिसत असली तरी वय झालेल्या टायरच्या बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात, त्या बॅटरी लावून पाहाव्यात.

स्टेपनीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा धडा मी रस्त्यावर शिकलो. येलूर फाट्याच्या पुढे एकदा मागचे चाक पंक्चर झाले. जॅक होता, पाना होता, चाक बदलण्याची माहितीही होती. स्टेपनी काढून बसवली, जॅक खाली घेतला आणि गाडीबरोबर ते चाकही जमिनीवर बसत गेले, कारण त्यात हवाच नव्हती. दोन वर्षे डिकीत पडून राहिलेल्या चाकातली हवा हळूहळू उतरते ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. सेवा रस्त्याने जाणाऱ्या एका शेतकऱ्याने दुचाकीवरून ते चाक पंक्चरच्या दुकानापर्यंत नेऊन आणले, म्हणून दीड तासात सुटका झाली. तेव्हापासून पंपावर हवा भरताना 'पाचवे चाक' असे मी मुद्दाम सांगतो. पान्याने नट सैल होतात का, हेही घरी एकदा करून पाहावे. यंत्राने घट्ट आवळलेले नट हाताच्या पान्याला दाद देत नाहीत.

कूलंट, ब्रेक ऑइल, वायपरचे पाणी, मागचे-पुढचे सगळे दिवे आणि इंडिकेटर पाहून घ्यावेत. काच आतूनही पुसावी. आतल्या काचेवरचा तेलकट थर दिवसा जाणवत नाही, पण समोरून प्रखर दिवा पडला की त्याच थरामुळे डोळ्यांसमोर पांढरा पडदा येतो. नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि परवाना डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर असले तरी चालतात; विम्याची आणि पीयूसीची मुदत तेवढी बघून ठेवावी.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. लिटरला सोळा किलोमीटर देणाऱ्या गाडीला एका बाजूने साडेचौदा लिटर लागते, आणि पुण्यातल्या फिरण्याचे तीन-चार लिटर धरले तर भरलेली टाकी जवळजवळ जाऊन येण्याइतकी पुरते. सीएनजीवाल्यांनी मात्र कोल्हापुरातच टाकी भरावी आणि पेट्रोलही निम्म्याच्या वर ठेवावे, म्हणजे रांगेत उभे राहण्याची सक्ती होत नाही.

फास्टॅगमध्ये पैसे आदल्या रात्रीच भरावेत, कारण नाक्यावर उभे राहून भरलेली रक्कम नाक्याच्या यंत्रणेला लगेच दिसेलच असे नाही. या मार्गावर किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे चार टोलनाके आहेत. १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नियमानुसार टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट टोल द्यावा लागे, यूपीआयने दिल्यास सव्वापट. वारंवार जाणाऱ्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटार, जीप आणि व्हॅनकरिता वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा त्याची किंमत ३००० रुपये होती आणि मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. इथे 'फेरी' म्हणजे एक नाका ओलांडणे. पुण्याला जाऊन येण्यात आठ फेऱ्या खर्च होतात, म्हणजे २०० फेऱ्यांत पंचवीस वेळा जाऊन येता येते. महिन्यातून एकदा जाणाऱ्यालाही तो परवडतो.

पावसाळ्यातला वेगळा विचार

जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी पाहावी, हे कोल्हापूरकराला सांगण्याची गरज नाही. पण ती प्रवासाच्या दृष्टीने कशी वाचावी हे सांगायला हवे. इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. शहरात दोन दिवस उघडीप असली म्हणून निर्धास्त राहू नये, कारण नदी शहरातल्या पावसाने भरत नाही, पाणलोटातल्या पावसाने भरते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत उतरायला काही तास लागतात. सकाळी निघताना जो रस्ता कोरडा असतो तोच परतताना मिळेल याची खात्री नसते. पातळी इशाऱ्याच्या जवळ असेल आणि वाढत असेल, तर जाणे पुढे ढकलावे किंवा पुण्यात दोन दिवस जास्त राहण्याची तयारी ठेवून, औषधे घेऊन निघावे. महामार्ग बंद झाल्यावर आडवाटेने जिल्ह्यात शिरण्याचा प्रयत्न करू नये. त्या वाटा महामार्गाच्या आधी पाण्याखाली गेलेल्या असतात.

जाताना

कसबा बावड्याकडची मंडळी शिये फाट्याने महामार्गाला लागतात, बाकी बहुतेक जण तावडे हॉटेलच्या चौकातून. शिरोली औद्योगिक वसाहतीची पाळी सुटण्याची वेळ टाळली तर तिथून किणीपर्यंतचा रस्ता लवकर सरतो. वारणा ओलांडून सांगली जिल्ह्यात शिरल्यावर कामेरी, पेठ नाका, नेर्ले, कासेगाव असा सरळ पट्टा लागतो. याच पट्ट्यात दुभाजकाच्या तुटीतून दुचाकी आडव्या येतात आणि काही जण उलट्या दिशेनेही येतात. उजवी लेन मोकळी दिसली म्हणून त्याच लेनमध्ये ठाण मांडणे इथे धोक्याचे आहे. डाव्या किंवा मधल्या लेनने जावे, पुढे काढताना उजवीकडे जावे आणि परत यावे.

उत्तरेकडे जाताना सकाळचे ऊन उजव्या बाजूने, म्हणजे चालकाच्या बाजूने येते. संध्याकाळी दक्षिणेकडे परततानाही मावळतीचे ऊन उजवीकडूनच येते. लहान मुले आणि वयस्कर माणसे दोन्ही वेळा डाव्या बाजूला बसवली तर त्यांचा प्रवास सुसह्य होतो, आणि मागच्या आसनावरच्यांनीही पट्टा लावायचा आहे, हे घरीच ठरवून निघावे.

पहिला थांबा कऱ्हाडच्या आसपास चहापुरता, दहा मिनिटांचा. खरा थांबा मात्र सातारा ओलांडल्यावर, आनेवाडी ते भुईंज या भागात घ्यावा आणि तो अर्ध्या तासापेक्षा कमी नसावा. बहुतेक लोक साताऱ्याला कंदी पेढे घेतात, गाडीतच खातात आणि 'आता काय, दोन तासांत पुणे' म्हणून पुढे निघतात. चूक तिथे होते. सुरूर फाट्यानंतर रस्ता खंबाटकीला भिडतो, आणि तिथून पुढे चालकाला एक क्षणही सैल बसता येत नाही. पायी थोडे चालावे, पाणी प्यावे, हलके खावे, दुसरा परवानाधारक सोबत असेल तर इथेच जागा बदलावी.

साताऱ्याकडून पुण्याकडे जाणारी वाहतूक खंबाटकीला बोगद्यातून जात आली आहे आणि पुण्याकडून येणारी घाटातून. बोगद्यात शिरण्यापूर्वी गॉगल काढावा, हेडलाइट लावावा आणि आत वाहन ओलांडू नये. जुन्या बोगद्यातून बाहेर पडताच रस्ता उताराला लागतो आणि इंग्रजी 'एस'सारखे वळण येते. सरळ बोगद्यात वाढलेला वेग या वळणावर अंगाशी येतो आणि तिथे आजवर अनेक बळी गेले आहेत. बाहेरचा उजेड दिसू लागताच गिअर उतरवावा, वळणात ब्रेक दाबत बसू नये. याच ठिकाणी नव्या जुळ्या बोगद्यांचे काम हाती घेतले गेले, तेव्हा सवयीने न जाता त्या दिवशीचे फलक वाचावेत.

खंडाळा, शिरवळ ओलांडून नीरा नदीपलीकडे पुणे जिल्हा सुरू होतो. कापूरहोळ, नसरापूरचा फाटा, खेड-शिवापूर इथपर्यंत आल्यावर पुण्यात कोणत्या भागात जायचे आहे ते सोबत्याने नकाशावर पक्के करावे. कात्रज, धनकवडीकडे जाणाऱ्यांना जुना कात्रज घाट सोयीचा पडतो. वारजे, कोथरूड, बाणेर, हिंजवडीसाठी नवा बोगदा. बोगद्याच्या तोंडाशी लेन बदलणारे आणि अचानक थांबून फोन पाहणारे लोक मागच्या ट्रकचालकाला दिसत नाहीत.

नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा लांब उतार हा या प्रवासातला सर्वांत गंभीर भाग आहे. डिझेल वाचवण्यासाठी काही अवजड वाहने इथे न्यूट्रलवर सोडली जातात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, पकड सुटते आणि पुढे पुलाजवळ थांबलेल्या रांगेवर ते वाहन येऊन आदळते. आपल्या हातात इतकेच असते: खालच्या गिअरमध्ये, फलकावरच्या वेगाने उतरावे, आरशात मागे सतत लक्ष ठेवावे, दोन अवजड वाहनांच्या मध्ये राहू नये आणि रांग दिसताच मागच्यांना कळावे म्हणून चारही इंडिकेटर लावावेत. रांगेत थांबताना पुढच्या गाडीला चिकटू नये, बाजूला निसटता येईल एवढी जागा ठेवावी.

परतताना

पुण्याहून निघताना अवघड भाग आधी सरतो आणि माणूस निवांत होतो. हंगामात हाच निवांतपणा घातक ठरतो. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कऱ्हाडपासून किणीपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रीही रस्त्यावर असतात. एका डिसेंबरात रात्री साडेनऊच्या सुमारास कामेरीजवळ मी समोर लाल दिवा शोधत होतो आणि दिसले ते काहीतरी हलणारे, करड्या रंगाचे. शेजारून पत्नी ओरडली, "अहो, पुढं ऊस आहे!" ट्रॉलीच्या मागे लोंबणारे ते उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याकडची पाने होती, त्यांनी दिवाही झाकला होता आणि लाल पट्टीही. ट्रॅक्टर पंधरा-वीसच्या वेगाने चालला होता, मी ऐंशीच्या. डावीकडे सेवा रस्त्याचा उतार होता म्हणून वाचलो.

तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च मी पुण्याहून दुपारी एकपर्यंत निघतो, म्हणजे अंधार पडण्याच्या आत किणी ओलांडली जाते. उशीर झालाच तर कऱ्हाडनंतर वेग ६० वर आणावा. रस्त्यावर उसाची कांडी किंवा पाचट पडलेले दिसले तर पुढे ट्रॉली आहे असेच समजावे, आणि ट्रॉली ओलांडताना तिच्यापुढे दुसरी ट्रॉली असते हे विसरू नये.

गाडी बंद पडली तर ती शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, मागे पन्नास मीटरवर त्रिकोण ठेवावा आणि सगळ्यांनी खाली उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. गाडीच्या मागे उभे राहून डिकी धुंडाळू नये. महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. फोन करताना ठिकाण सांगता यावे म्हणून कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि आपण कोणत्या दिशेच्या बाजूला आहोत, हे दोन्ही सांगावे.

घरी पोहोचल्यावर टोलचे संदेश उघडून पाहावेत. जाताना चार आणि येताना चार, एवढेच असायला हवेत. एखाद्या नाक्यावर दोनदा रक्कम कापली गेली असेल तर टॅग देणाऱ्या बँकेकडे किंवा १०३३ वर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी, नाक्याचे नाव आणि वेळ संदेशात असतेच.